मीठ कोणते, किती आणि कुणाच्या हातचे?

वाण्याच्या दुकानाबाहेर पायरीवर जाड्या मिठाची गोणी उघडीच पडलेली असे. रात्री फळ्या लागल्या तरी ती आत ओढायची कुणाला निकड नसायची, कारण मीठ कोण चोरणार? आज त्याच दुकानात आयोडीनवाले, लोह घातलेले, कमी सोडियमचे, सैंधव, काळे, गुलाबी, ‘नैसर्गिक समुद्री’ अशी पाकिटे ओळीने उभी असतात आणि सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग पाकिटाच्या भावात कित्येक पटींचा फरक असतो. गिऱ्हाईक पाकीट उलटसुलट करून पाहते आणि शेवटी नेहमीचेच उचलते, नाहीतर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ आठवून सैंधव घेते.

दुसरे दृश्य शनिवार रात्रीचे. बाहेर जेवून आलो की मध्यरात्री दोनदा उठून पाणी प्यायले जाते आणि सकाळी घरात एकमत होते की हॉटेलवाले मीठ फार घालतात.

घरी कोणते मीठ आणावे आणि बाहेरचे खारट का लागते, हे दोन विषय आपण सहसा वेगवेगळे बोलतो. ते शेजारी ठेवले की पहिल्यावर आपण गरजेपेक्षा जास्त आणि दुसऱ्यावर फारच कमी विचार केला आहे, असे माझे मत झाले आहे. पण आधी ज्याचे त्याचे म्हणणे नीट मांडायला हवे.

आगरापासून पाकिटापर्यंत

‘मीठ’ हा शब्द ‘गोड’ अर्थाच्या जुन्या संस्कृत शब्दापासून आला आहे. गुजरातीत ‘मीठुं’ म्हणजे मीठही आणि गोडही. ‘लवण’ आपल्याकडे लोणच्यात, शेंदेलोणात आणि पादेलोणात उरले. आगरी समाजाचे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून पडले. उरण, पेण, वसई, भाईंदर, मुलुंड-भांडुप, खाली शिरोडा आणि पुढे गोव्यातली मिठागरे, सगळ्यांचे तंत्र एकच: उधाणाचे पाणी बांध फोडून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत उन्हाने आटवायचे आणि तळाशी बसलेले दाणे ओढून ढीग लावायचे. पावसाळा आला की धंदा बंद. १९३० मध्ये गांधीजींनी ६ एप्रिलला दांडीला कायदा मोडला, त्याच वर्षी वडाळ्याच्या आणि शिरोड्याच्या मिठागरांवरही सत्याग्रह झाले. त्या वेळी वाद कराचा आणि हक्काचा होता, मिठाच्या जातीचा नव्हता.

आता देशातले तीन-चतुर्थांशांहून जास्त मीठ एकट्या गुजरातेतून येते. मिठापूरच्या कारखान्यातले पाकीटबंद मीठ १९८३ मध्ये बाजारात आले आणि स्वयंपाकघर बदलले. बंद भांड्यात, कमी दाबाखाली खारे पाणी आटवून काढलेले हे मीठ शुभ्र, एकसारख्या दाण्याचे आणि पावसाळ्यातही मोकळे राहणारे. त्याच सुमारास सरकारी आयोडीन धोरणही पुढे सरकले, त्यामुळे ‘पाकिटातले म्हणजे आयोडीनचे’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्के बसले.

आयोडीन: सक्ती कशाची आणि कुणासाठी

गलगंडाचा प्रश्न भारतात आधी हिमालयाच्या पायथ्याचा मानला जाई. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात दीर्घ अभ्यास करून दाखवले की मिठातून आयोडीन दिले की गलगंड हटतो. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या पाहण्यांत महाराष्ट्रासह डोंगरापासून लांबच्या भागांतही आयोडीनची कमतरता आढळली. ऐंशीच्या दशकात सगळेच खायचे मीठ आयोडीनयुक्त करायचे ठरले, आणि कार्यक्रमाच्या नावातूनही पुढे ‘गलगंड’ जाऊन ‘आयोडीनच्या कमतरतेचे विकार’ आले. कारण गर्भातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीलाही आयोडीन लागते.

कायद्याची वाट मात्र नागमोडी आहे. १९९८ मध्ये थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला बंदी आली, २००० मध्ये ती उठली, २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जुना नियम अधिकारकक्षेबाहेरचा ठरवला, पण लोकांच्या आरोग्याचा विचार करून बंदी लगेच उठवली नाही. त्याच वर्षीच्या अन्नसुरक्षा नियमावलीत ती पुन्हा आली. खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी, औषधांसाठी, जनावरांसाठी आणि उद्योगांसाठी बिनआयोडीनचे मीठ तसे लिहून विकता येते.

सक्तीच्या बाजूचे सांगतात की कमतरता कुणाला आहे हे घरोघर तपासणे अशक्य, मीठ मात्र प्रत्येक चुलीपर्यंत पोचते, आणि खर्च नगण्य. विरोधकांचे दोन मुद्दे आहेत. एक, ज्याला गरज नाही त्याच्यावर सक्ती का? दुसरा जास्त टोकदार: आयोडीन मिसळण्याची यंत्रणा परवडते मोठ्यांना, आणि पेण-उरणचा किंवा गोव्याचा लहान आगरवाला खाण्याच्या बाजारातून बाहेर पडतो. पहिल्या मुद्द्याला वैद्यकाने बऱ्यापैकी उत्तर दिले आहे. दुसरा मुद्दा अर्थव्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तर वैद्यक देऊ शकत नाही.

घरापुरते सांगायचे तर आयोडीन ओल आणि उष्णता यांनी कमी होते. मिठाची बरणी गॅसच्या शेजारी उघडी ठेवणे ही सवय मोडण्यासारखी आहे.

सैंधव, काळे, गुलाबी

सैंधवाची बाजू जुनी आणि वजनदार आहे. आयुर्वेद सर्व लवणांत सैंधवाला श्रेष्ठ मानतो आणि उपासाला कित्येक घरांत शेंदेलोणच लागते. पण त्याच आयुर्वेदातला चरक आपल्या संहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि लवण या तिन्हींचा अतिवापर टाळायला सांगतो. सैंधवाचे गुण सांगणाऱ्या व्हिडिओंतून हा दुसरा भाग बहुधा गळालेला असतो.

रसायनाच्या हिशेबात सैंधव म्हणजे पूर्वीच्या समुद्राचे आटलेले मीठ. त्यातही ९५ टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराइडच असते; गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. बाकीची खनिजे आहेत, पण चिमटीभर मिठातून ती मिळतात किती? लोह हवे असेल तर मूठभर हाळीव किंवा नाचणीची भाकरी कितीतरी जास्त देईल. पादेलोणाचा वास भट्टीत तयार झालेल्या गंधकाच्या संयुगांचा. तो ताकाला आणि पाणीपुरीला हवाच, म्हणून ते चवीसाठी आणावे. या सगळ्यांत सोडियम नेहमीच्या मिठाइतकेच असते आणि आयोडीन बहुधा घातलेले नसते, एवढे लक्षात असले म्हणजे झाले.

बाजारातल्या सैंधवाचा मोठा भाग पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून येई. २०१९ मध्ये त्यावर २०० टक्के आयातशुल्क बसले आणि मे २०२५ मध्ये तिथली सगळीच आयात बंद झाली. आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळ खाणी आहेत, पण उत्पादन थोडे.

शुद्धतेविषयीच्या दोन शंकाही इथेच उरकतो. मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात. नावातल्या ‘सायनाइड’ने घाबरवणारे संदेश फिरतात, पण त्यातला सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेला असतो आणि किलोला १० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. सूक्ष्मप्लास्टिकची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या आणि २०२४ मध्ये टॉक्सिक्स लिंक या संस्थेच्या तपासणीत भारतीय मिठात प्लास्टिकचे कण आढळले. ते शरीरात नेमके काय करतात हा प्रश्न उघडा आहे, आणि तो मिठापुरता नाही, पाण्याचा आणि मासळीचाही आहे.

किती

गेल्या पावसाळ्यात मी एक किलोच्या पाकिटावर पेनाने तारीख लिहिली. चार माणसांच्या घरात ते २७ दिवस पुरले. म्हणजे माणशी रोज नऊ ग्रॅमच्या थोडे वर. यातले काही शेंगा उकडल्याच्या पाण्याबरोबर मोरीत गेले हे खरे, पण लोणचे, पापड, पाव, फरसाण आणि दोघांचे आठवड्यातून चार दुपारचे बाहेरचे जेवण यात धरलेलेच नाही. मग स्वयंपाकघरातला काटा काढला. आमच्या मिठाच्या बरणीतला सपाट चमचा बारीक मिठाने भरला तर सहा ग्रॅम. तोच जाड्या मिठाने भरला तर पाच ग्रॅमही नाही, कारण जाड्या दाण्यांमध्ये पोकळी राहते. ‘जाडे मीठ सौम्य असते’ या समजुतीचे रहस्य बहुतेक त्या पोकळीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सोडियम दोन ग्रॅमच्या आत. वेगवेगळ्या पद्धतींनी केलेल्या पाहण्यांत भारतीयांचे सरासरी प्रमाण ८ ते ११ ग्रॅमच्या घरात निघते. आमचे पाकीट त्यात चपखल बसते.

पाचच ग्रॅम का, यावर शास्त्रज्ञांत खरा मतभेद आहे. १९८८ मध्ये ‘इंटरसॉल्ट’ या पाहणीने ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून जास्त लोकांचे २४ तासांचे मूत्र तपासून मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध मांडला. २००१ मधल्या ‘डॅश-सोडियम’ प्रयोगाने दाखवले की जेवण मोजून दिले आणि मीठ टप्प्याटप्प्याने उतरवले तर रक्तदाबही उतरतो. पण २०१४ मध्ये १७ देशांतल्या लाखभर लोकांच्या ‘प्युअर’ अभ्यासाने निराळे चित्र दाखवले: सोडियम रोज तीन ते सहा ग्रॅम, म्हणजे मीठ साधारण साडेसात ते पंधरा ग्रॅम घेणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यू सर्वांत कमी, आणि त्याहून कमी खाणाऱ्यांतही धोका वाढलेला. टीकाकारांनी त्यावर दोन आक्षेप घेतले. सकाळच्या एका नमुन्यावरून सूत्राने काढलेला दिवसाचा आकडा भरवशाचा नाही, आणि आजारी माणसे आधीच कमी जेवतात किंवा मीठ सोडतात, त्यामुळे कारण आणि परिणाम उलटेपालटे होतात. प्युअरवाले आपल्या निष्कर्षावर ठाम आहेत.

हे भांडण खालच्या टोकाचे आहे. वरच्या टोकाला, आणि ज्यांचा रक्तदाब आधीच जास्त आहे त्यांच्याबाबत, दोन्ही बाजूंचे फारसे दुमत नाही. आपण मराठी माणसे बहुतेक दोन्हींच्या मधल्या वादग्रस्त पट्ट्यात जेवतो, हा या शास्त्रार्थातला आपला वाटा.

पोटॅशियमचे मीठ

‘कोणते मीठ’ या प्रश्नात खरोखर फरक करणारा एक प्रकार आहे तो हा. यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षे प्रयोग झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पूर्वी पक्षाघात झाला होता किंवा साठी उलटून रक्तदाब जडला होता अशी ही माणसे. ज्या गावांना ७५ टक्के सोडियम आणि २५ टक्के पोटॅशियमचे मीठ दिले, तिथे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. तेलंगणातल्या सिद्दीपेट जिल्ह्यात सात खेड्यांतल्या सुमारे ५०० रक्तदाबाच्या रुग्णांवर असाच छोटा प्रयोग झाला; तीन महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी साडेचार अंकांनी उतरला.

जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असे मीठ वापरण्याची शिफारस केली, पण सशर्त. मुले, गर्भवती आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेले त्यातून वगळले आहेत, कारण त्यांच्या शरीरात पोटॅशियम साचले तर हृदयाच्या ठोक्यांवर बेतते. आपल्याकडे मधुमेह इतका पसरलेला आणि मूत्रपिंडाची तपासणी इतकी विरळ की हा अपवाद तळटीप मानून चालणार नाही. एका घरात आजोबांना मधुमेह, सुनेला दिवस गेलेले आणि नातू चार वर्षांचा असेल तर एका पातेल्यात कोणते मीठ पडणार? शिफारशीच्या भाषेत व्यक्ती आहेत, आपल्या चुलीवर कुटुंब आहे. पोटॅशियमची किंचित कडसर चवही लागते. आमटी-भाजीत ती लपते, कोशिंबिरीत लपत नाही.

हॉटेलातले खारट

आता दुसरे दृश्य. मिसळीची प्लेट घ्या. मटकीच्या उसळीत मीठ आहे. तर्रीत वेगळे आहे. फरसाणात शेव, पापडी, गाठ्या यांचे, वर पापडखाराचे सोडियम निराळे. पावाच्या पिठात साधारण दोन टक्के मीठ असतेच, त्याशिवाय कणीक नीट धरत नाही. शेजारी पापड आणि मठ्ठा. यातले काहीच स्वतंत्रपणे ‘खारट’ नसते, बेरीज मात्र मोठी होते. चिनी पद्धतीच्या थाळीत हेच सॉसच्या रूपाने होते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मिठाइतके सोडियम असते. आजिनोमोटोवर मात्र थोडा अन्याय होतो. त्यात सोडियम सुमारे १२ टक्के, मिठात जवळपास ४० टक्के.

पंजाबी भाज्यांची गोष्ट मुदपाकखान्यातल्या व्यवस्थेची आहे. लाल, पिवळी, पांढरी ग्रेव्ही सकाळीच मीठ घालून तयार असते. मॅरिनेशनमध्ये मीठ, लोणी खारे, वरून चाट मसाला, आणि प्रत्येक टप्प्यावरचा माणूस वेगळा. दिवसभर चाखणाऱ्या जिभेला मीठ कमीच भासते. आचाऱ्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. अळणी भाजी हमखास परत येते, थोडी खारट झाली तर गिऱ्हाईक लिंबू पिळून आणि ताक मागवून निभावून नेते. एकदा अळणीचा शिक्का बसला की पुसत नाही. त्यात भात-रोटी फिकी असते, म्हणून भाजीने दोघांचे मीठ वाहायचे असते. घरीही आपण हेच करतो, फक्त आपली आमटी पातळ आणि वाटी लहान असते.

पण आपल्या जिभेची साक्ष कितपत खरी धरायची? मिठाची आवड सवयीने ठरते. कमी मिठाच्या जेवणावर काही महिने काढले की पूर्वीचे जेवण खारट लागू लागते, हे प्रयोगांतून चाळीस वर्षांपूर्वीच दिसले आहे. म्हणून ‘बाहेरचे खारट लागले’ यात बाहेरच्या मिठाबरोबर घरच्या सवयीचेही मोजमाप असते. शिवाय जीभ पृष्ठभागावरचे मीठ पटकन पकडते. मसाला पापड आणि फ्रेंच फ्राइज खारट वाटतात, पावातले आणि ग्रेव्हीतले मीठ, साखर आणि आंबटपणाच्या आड बसलेले, निसटून जाते. सगळ्यात खारट लागलेला पदार्थ सगळ्यात जास्त मीठ देणारा असेलच असे नाही.

तहानेची साक्षही दिसते तेवढी सरळ नाही. खारट जेवणानंतर रक्तातले सोडियम वाढते, मेंदू ते ओळखतो आणि घसा कोरडा पडतो, इथपर्यंत ठीक. पण मॉस्कोत मंगळयात्रेची रंगीत तालीम म्हणून बंदिस्त ठेवलेल्या माणसांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवडेच्या आठवडे जास्त मीठ मिळाल्यावर ती माणसे पाणी उलट कमी पीत होती, कारण शरीर आतले पाणी राखून ठेवू लागले होते. याचा माझ्या मते अर्थ असा की शनिवारची तहान खरी, पण जो रोज बाहेर जेवतो त्याला ती लागणारही नाही, आणि सावध व्हायला हवे ते त्याने.

उपायांबाबत जगात तीन वाटा चोखाळल्या गेल्या. ब्रिटनने २००३ पासून उत्पादकांना हळूहळू मीठ उतरवायला लावले, इतके हळू की जिभेला कळू नये. २०११ पर्यंत माणशी प्रमाण साडेनऊवरून सुमारे आठ ग्रॅमवर आले आणि पुढे गाडी अडली. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये साखळी उपाहारगृहांना २३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सोडियमच्या पदार्थापुढे मीठदाणीचे चिन्ह छापायला लावले. अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्स प्रांताने २०११ मध्ये टेबलावरच्या मीठदाण्याच उचलल्या.

यांतले काय आपल्याला लागू पडेल? अमेरिकेत मिठाचा सुमारे ७० टक्के भाग घराबाहेर तयार झालेल्या अन्नातून येतो, तिथे कारखान्याला आणि साखळीला धरले की काम होते. आपल्याकडे बहुतेक मीठ अजून घरच्या हातून पडते, आणि बाहेरचे पडते ते हजारो गाड्यांवर, खानावळींत आणि मेसमध्ये, जिथे पाककृती कागदावर नाही, आचाऱ्याच्या चिमटीत आहे. मीठदाणी उचलून आपल्याकडे फारसे काही होणार नाही, ताटात मीठ आधीच शिजलेले असते. २०१८ पासूनची केंद्रीय मोहीम तेल, साखर, मीठ ‘थोडे कमी’ करण्याची विनंती करते. पाकिटांवर पौष्टिकतेनुसार तारे छापण्याचा मसुदा २०२२ मध्ये आला, त्यावरून वाद झाला. ब्रिटनची हळूहळू उतरवण्याची वाट मला सगळ्यात शहाणी वाटते, पण ती चालायला आधी मोजणारा कुणी हवा, आणि खानावळीच्या पातेल्यात काटा घेऊन कुणी उतरलेले नाही.

न सुटलेले

पाच ग्रॅमच्या खाली जाणे निरोगी माणसाला लाभाचे की नाही, हे ठरायचे आहे. पोटॅशियमचे मीठ एकत्र कुटुंबात सुरक्षितपणे कसे द्यायचे, त्याची किंमत कोण उतरवणार, हे ठरायचे आहे. लोक मीठ कमी खाऊ लागले तर आयोडीनचे प्रमाण किती वाढवायचे, हे गणित कागदावर सोपे आहे, मिठागरावर नाही. स्थानिक जाड्या मिठाला आयोडीनसह बाजारात जागा मिळेल का, हाही प्रश्न आहेच.

घरापुरता माझा निवाडा साधा आहे: रोजच्याला साधे आयोडीनचे मीठ, चवीला पादेलोण, उपासाला हवे तर सैंधव, आणि पोटॅशियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाकिटावरच्या सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते. हा गुणाकार फरसाणाच्या पाकिटावर करून पाहण्यासारखा आहे.

बाहेरच्या जेवणाचा आकडा मात्र आज ग्राहकाच्या डोळ्यासमोर कुठेच नाही. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेन्यूकार्डावर कॅलरी छापावी लागते, मीठ छापावे लागत नाही. मात्र ग्राहकाने मागितली तर पोषणाची माहिती त्यांनी द्यावी, असे त्याच नियमात आहे. पुढच्या शनिवारी मागून पाहा.